न झालेल्या महामार्गाची वाटचाल

बर्लिनमध्ये पॉट्सडामर प्लाट्झच्या पश्चिमेला एक मोठं ग्रंथालय आहे, श्टाट्सबिब्लिओटेक. वास्तुविशारद हान्स शारून यांनी 1960च्या दशकात त्याचा आराखडा केला. 1972 मध्ये ते गेले, आणि इमारत 1978 मध्ये वाचकांसाठी खुली झाली. पश्चिमेच्या अंगाने ती मोकळी, टप्प्याटप्प्याने चढत जाणारी आहे. पूर्वेकडे मात्र पुस्तकांच्या भांडाराचा उंच, जवळजवळ बंद ठोकळा उभा आहे. शारून यांच्यासारख्या मोकळ्या जागांच्या माणसाने एका बाजूला अशी पाठ का फिरवावी? कारण त्या बाजूने महामार्गाची वाहतूक धावणार, हे तेव्हा गृहीतच होतं. वाचकांना आवाजाचा त्रास नको म्हणून पुस्तकांचीच भिंत केली. वाहतूक मात्र आलीच नाही. ज्या महामार्गासाठी ही भिंत बांधली, तो कागदावरच राहिला.

तो कागदावर राहिला यामागे एक नागरिक गट आहे. 1974 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये ‘ब्युर्गरइनिशियाटिव्ह वेस्टटांगेंटं’ या नावाने तो सुरू झाला. बर्लिनकर त्याला त्याच्या आद्याक्षरांनी बीआयडब्ल्यू म्हणतात. या गटाची वाटचाल सांगायची, तर आधी त्या महामार्गाची सांगावी लागते. कारण गट जन्मला तेव्हा महामार्गाचं वय वीस वर्षांच्या आसपास होतं.

दुसऱ्या महायुद्धाने बर्लिनचा मध्यभाग मोडून पडला होता. नियोजकांना त्यात नवं शहर आखण्याची संधी दिसली. 1957-58 मध्ये पश्चिम बर्लिन आणि पश्चिम जर्मनीचं सरकार यांनी मिळून ‘राजधानी बर्लिन’ नावाची स्पर्धा घेतली. शहर तोवर राजकीयदृष्ट्या दुभंगलं होतं, पण स्पर्धेचा नकाशा अखंड होता. मध्यभागाला चारही बाजूंनी स्पर्श करून जाणारे चार जलदमार्ग, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम, असा चौकोन त्यात गृहीत धरलेला होता. ‘टांगेंटं’ म्हणजे हेच स्पर्शमार्ग. 1958 मध्ये शहराच्या पश्चिम भागात शहरी महामार्गाचा पहिला तुकडा सुरू झाला. 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि चौकोनाच्या पूर्वेकडच्या बाजू दुसऱ्या राज्यात गेल्या. तरीही 1965च्या भूवापर आराखड्यात पश्चिम बर्लिनने हे मार्ग कायम ठेवले. शहर एक दिवस एक होईल, तेव्हा रस्ते तयार हवेत, असा त्यामागचा विचार होता.

त्या नियोजकांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्यांच्यापुढे ढिगारे होते, कोंदट चाळवजा इमारती होत्या, आणि मोटार ही तेव्हा खरोखर सुटकेची खूण वाटत होती. शिवाय भिंतीने चिरलेलं शहर एकसंध मानून आखणी करण्यात एक जिद्द होती. पण आराखड्यातली रेषा निव्वळ रेषा राहत नाही, हे आपल्याकडे विकास आराखड्यात घर गेलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. डांबर पडण्याच्या कितीतरी आधीपासून ती माणसांच्या आयुष्यावर काम करू लागते.

याचं सर्वांत कडवट उदाहरण पश्चिम मार्गाचं नव्हे, दक्षिण मार्गाचं आहे. क्रॉयझबर्गमधल्या ओरानियनप्लाट्झ या जुन्या, देखण्या चौकावर दोन महामार्गांचा छेद येणार होता. ज्या घरावर रेषा पडली, त्याला कर्ज कोण देणार? डागडुजी तरी कोण करणार? इमारती विकत घेतल्या गेल्या, रिकाम्या ठेवल्या गेल्या, नाहीतर पाडण्याआधीची थोडी वर्षं म्हणून भाड्याने दिल्या गेल्या. तुर्कस्तानातून कामाला आलेल्या अनेक कुटुंबांना अशाच घरांत जागा मिळाली, कारण दुसरीकडे त्यांना कोणी जागा देत नव्हतं. शेजारी कॉटबुसर टोरला 1970च्या दशकाच्या सुरुवातीस एक प्रचंड वक्राकार निवासी संकुल उभं राहिलं. त्याचीही पाठ येऊ घातलेल्या महामार्गाकडे फिरवलेली होती. महामार्ग रद्द झाला आणि पाठ वस्तीकडेच राहिली. मोडकळीला आलेल्या घरांत पुढे तरुणांनी बिऱ्हाडं थाटली. 1980-81च्या सुमारास या ताबेकऱ्यांवरून शहर पेटलं होतं. त्या असंतोषाच्या मुळाशी न बांधलेला रस्ताही होता.

पश्चिम मार्ग दक्षिणेत स्टेग्लिट्झपासून निघून शोनेबर्गच्या छेदमार्गावरून पुढे येणार होता. तिथून ग्लाइसड्रायेकजवळच्या जुन्या रेल्वेच्या जमिनीवरून, ग्रंथालयाला खेटून, टियरगार्टन या शहराच्या मोठ्या उद्यानाच्या पूर्व कडेने तो उत्तरेला मोआबिट आणि वेडिंगकडे जाणार होता. स्टेग्लिट्झ ते शोनेबर्ग हा सुमारे चार किलोमीटरचा तुकडा प्रत्यक्षात झाला. तोच आजचा ए 103.  पुढचा टप्पा सुरू होणार, तेव्हा शोनेबर्ग आणि आसपासचे रहिवासी एकत्र आले.

1974 हे साल महत्त्वाचं आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस तेलटंचाई आली होती आणि पश्चिम जर्मनीत चार रविवार मोटारी बंद ठेवल्या होत्या. रिकाम्या महामार्गांवर लोक चालले, सायकली चालवल्या. रस्ता म्हणजे निसर्गनियम नव्हे, तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे, हे त्या रविवारांत अनेकांना डोळ्यांनी दिसलं.

गटाने विरोधाच्या घोषणा दिल्याच, पण तो त्यावर थांबला नाही. माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व इथून सुरू होतं. वाहतुकीची आकडेमोड ही तज्ज्ञांची मक्तेदारी आहे, हे या लोकांनी मानलं नाही. त्यांनी शासनाचे अंदाज तपासले, आवाज आणि धूर यांचा हिशेब मांडला, आणि रस्ता वाढवला की वाहनं वाढतात, मग पुन्हा रस्ता अपुरा पडतो, हे चक्र लोकांसमोर ठेवलं. 1976 मध्ये त्यांनी शहरी महामार्गांवर एक पुस्तक काढलं. त्याच्या नावातच त्याला वाहतूक नियोजनाची ‘काळी पुस्तिका’ म्हटलं होतं. घरमालक, भाडेकरू, शिक्षक, वास्तुरचनेचे विद्यार्थी, कोणीही ती हातात घेऊन सुनावणीला जाऊ शकत होतं. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या बांधकाम कायद्यात दुरुस्ती होऊन आराखड्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातच नागरिकांना सहभागी करून घेणं बंधनकारक झालं. म्हणजे हरकत नोंदवण्याची खिडकी उघडली, तेव्हा हरकतीचा मजकूर तयार होता.

सायकलस्वारांचे मोर्चे निघाले. एस-बान या शहरी रेल्वेचं पुनरुज्जीवन हा गटाच्या मांडणीतला दुसरा खांब होता. त्यामागे बर्लिनचं एक विचित्र वास्तव होतं. पश्चिम बर्लिनमधली एस-बान पूर्व जर्मनीची राइशबान ही रेल्वे चालवत होती. भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेच्या लोकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. रेल्वे ओस पडली आणि तिच्या समांतर मोटारींचे रस्ते झाले. सप्टेंबर 1980च्या संपानंतर तर बरेच मार्ग बंदच पडले. 9 जानेवारी 1984 रोजी पश्चिम बर्लिनने ही रेल्वे आपल्याकडे घेतली, तेव्हा कुठे ती सावरू लागली. रेल्वे मरू द्यायची आणि मग रस्ता अपरिहार्य आहे म्हणायचं, ही मांडणी लबाडीची आहे. ती लबाडी या लोकांनी वेळीच ओळखली.

आता त्या जमिनीविषयी. ग्लाइसड्रायेकच्या आजूबाजूला आनहाल्टर आणि पॉट्सडामर या दोन मोठ्या स्थानकांचे मालधक्के होते. आनहाल्टर स्थानक 1952 मध्ये बंद झालं. जमीन पश्चिम बर्लिनच्या हद्दीत, पण ताबा पूर्वेच्या रेल्वेकडे. म्हणून ती ना विकली गेली, ना तिच्यावर काही बांधलं गेलं. रुळांच्या खडीतून भूर्ज उगवले, रॉबिनिया उगवली, दूरदेशांहून मालडब्यांतून आलेल्या बियांनी मूळ धरलं. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात हर्बर्ट झुकोप आणि त्यांचे सहकारी नेमक्या अशाच पडीक जागांचा अभ्यास करत होते. शहरी परिसंस्थांचं शास्त्र म्हणून जे पुढे जगभर शिकवलं गेलं, त्याचा मोठा भाग या उजाड वाटणाऱ्या बर्लिनमध्ये घडला. बाहेरून पाहणाऱ्याला उकिरडा दिसे. त्यांना तिथे रान दिसत होतं.

महामार्गाचा विरोध आणि हे रान, असे दोन धागे बीआयडब्ल्यूने एकत्र बांधले. महामार्ग नको, एवढंच न म्हणता त्याच पट्ट्यावर त्यांनी ‘ग्र्युनटांगेंटं’ सुचवला, म्हणजे हिरवा स्पर्शमार्ग. दक्षिणेतून टियरगार्टनपर्यंत चालत आणि सायकलने जाता येईल असा अखंड हरित पट्टा. ही कल्पना मला विलक्षण शहाणी वाटते. नुसता रद्द केलेला रस्ता पुन्हा जिवंत होतो. सरकार बदलतं, पैसा येतो, बासनात गुंडाळलेला नकाशा कोणीतरी काढतं. पट्टा मोकळा पडलेला असेल, तर नकाशाला तो आयताच मिळतो. त्याच पट्ट्यावर लोकांनी दुसरं काही मनाशी धरलं असेल, तरच रेषा कायमची हटते.

रस्ता एका दिवसात रद्द झाला नाही. शहराची आर्थिक ताकद आटत गेली, जुनी घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करावीत हे मत बळावलं, क्रॉयझबर्गमध्ये हार्ट-वाल्टहेर हेमर यांनी रहिवाशांना सोबत घेऊन नूतनीकरणाची नवी पद्धत उभी केली. दक्षिण मार्ग आधी बारगळला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम मार्गाचाही आग्रह सुटला. 1984चं नाव मिरवणारा आणि 1988 मध्ये लागू झालेला नवा भूवापर आराखडा आला, तेव्हा तो महामार्ग त्यात उरला नव्हता.

एखादा गट इथे विसर्जित झाला असता. हा झाला नाही, आणि ते बरं झालं. पुढच्याच वर्षी भिंत पडली आणि नकाशे पुन्हा उघडले गेले. भिंत बांधल्यावर टियरगार्टनच्या पूर्व भागातून एक तात्पुरता रस्ता काढला होता. रद्द महामार्गाचं काम तोच वर्षानुवर्षं करत होता. आता त्याऐवजी भुयारी मार्ग आला. विरोध झाला, पण 2006 मध्ये सुमारे अडीच किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. वरचा रस्ता उखडून ती जमीन उद्यानाला परत मिळाली. हा पराभव की अर्धा विजय, यावर आजही दोन मतं आहेत. माझं मन अर्ध्या विजयाकडे झुकतं, पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी राहणाऱ्यांना ते पटणार नाही.

ग्लाइसड्रायेकवर 1990च्या दशकात पॉट्सडामर प्लाट्झच्या बांधकामाचं साहित्य-केंद्र बसलं. वाळू, सिमेंट, खोदलेली माती सगळं तिथून हलत होतं. जर्मन कायद्यानुसार बांधकामामुळे निसर्गाची हानी झाली, तर तिची भरपाई करावी लागते. त्या भरपाईच्या पैशातून मालधक्क्यांच्या जागेवर उद्यान करायचं ठरलं. तरीही ते व्हायला दशकाहून अधिक काळ गेला. रान किती ठेवायचं, खेळायला जागा किती, कडेला इमारती किती, यावर रहिवाशांच्या गटांनी वर्षानुवर्षं बैठका लढवल्या. पूर्वेचा भाग सप्टेंबर 2011 मध्ये खुला झाला, पश्चिमेचा 2013 मध्ये, आणि दक्षिणेकडची चिंचोळी पट्टी 2014 मध्ये. रूळ अनेक ठिकाणी तसेच ठेवले आहेत आणि त्यांच्यामधून झाडं वाढू दिली आहेत. आणखी दक्षिणेला शोनेबर्गच्या जुन्या मालगाडी-यार्डावरचं रान वेगळ्या गटाने वाचवलं. ते 2000 साली निसर्गोद्यान म्हणून खुलं झालं. आज या हिरव्या पट्ट्याने जाणारा सायकलस्वार बराचसा न झालेल्या महामार्गावरूनच जात असतो.

ज्या सप्टेंबरमध्ये ग्लाइसड्रायेकचा पहिला भाग खुला झाला, त्याच महिन्यात बर्लिनची निवडणूक झाली. सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांची आघाडी होणार असं दिसत होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोलणी फिसकटली, आणि कारण ठरला ए 100 या शहरी महामार्गाचा पूर्वेकडे जाणारा सोळावा टप्पा. त्याची लांबी जेमतेम 3.2 किलोमीटर. पुढच्या वर्षी लाइपत्सिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तो ट्रेप्टोवर पार्कपर्यंत सुरू झाला. खर्च सुमारे 70 कोटी युरोंवर गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये याच महामार्गावरचा 1960च्या दशकातला एक पूल तडा गेल्यामुळे तातडीने बंद करून पाडावा लागला होता. श्लांगनबाडर रस्त्यावर निवासी इमारतीच्या पोटातून जाणारा दुसऱ्या महामार्गाचा बोगदाही 2023 पासून बंद आहे. जुन्या पिढीने बांधलेलं आता थकत चाललं आहे, आणि डागडुजीचा खर्च नव्या बांधकामाच्या खर्चाशी स्पर्धा करतो आहे.

ए 100च्या सतराव्या टप्प्याचं नियोजन केंद्र सरकारने 2022 मध्ये पुन्हा हाती घेतलं. ट्रेप्टोवर पार्कपासून श्प्रे नदी ओलांडून, ओस्टक्रॉयझ स्थानकाच्या दाट वस्तीतून स्टोर्कोवर रस्त्यापर्यंत तो जायचा आहे. त्या रेषेवर घरं आहेत, क्लब आहेत, रेल्वेचं जाळं आहे. तिथले रहिवासी आता हरकती लिहीत आहेत, सायकली घेऊन महामार्गावर उतरत आहेत, आणि रेषेखालच्या जमिनीचं दुसरं काय करता येईल याचे नकाशे काढत आहेत.