वानखेडेवरचे निरोप

मुंबईत चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मध्ये, लोकलच्या रुळांना खेटून वानखेडे स्टेडियम उभं आहे. ते उभं राहिलं तिकिटांच्या भांडणातून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामन्यांची जबाबदारी मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. असोसिएशनच्या वाट्याला तिकिटं किती यायची, यावरून सतत खटके उडत. एका बाजूला क्लबचे विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला विदर्भातून आलेले बॅरिस्टर शेषराव वानखेडे. वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते आणि ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आपलं स्वतःचं मैदान बांधायचं, असं त्यांनी ठरवलं. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. पुढे याच स्टेडियममधल्या एका स्टँडला विजय मर्चंट यांचं नाव दिलं गेलं. भांडण मिटल्याची याहून चांगली नोंद मला माहीत नाही.

मी हे छत्रपती संभाजीनगरातून लिहितो आहे. आमचं शहर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या, म्हणजे पुण्याच्या हद्दीत येतं. रणजीत मुंबईचा संघ आमचा प्रतिस्पर्धी. तरी मोठा सामना म्हटला की इथली पोरं रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठतात आणि वानखेडेला आपलंच मैदान म्हणतात. या मैदानाच्या वाटचालीत किती शतकं झाली आणि किती सामने जिंकले, याचे तक्ते पुष्कळ आहेत. मला त्यातला एकच धागा हवा आहे. वर्षानुवर्षं खेळलेला माणूस निघतो, तेव्हा या मैदानानं आणि तिथल्या गर्दीनं त्याला कसं पाठवलं?

सुरुवात चांगली झाली नाही. जानेवारी १९७५मध्ये वानखेडेवरची पहिली कसोटी वेस्ट इंडिजविरुद्ध झाली. क्लाइव्ह लॉइड द्विशतकापर्यंत पोहोचले, तेव्हा एक तरुण प्रेक्षक त्यांचं अभिनंदन करायला मैदानात धावत गेला. पोलिसांनी त्याला धरलं आणि झोडपलं. ते पाहून स्टँडमधली गर्दी भडकली, दंगल झाली आणि चहापानानंतरचा खेळ वाया गेला. पाहुण्या खेळाडूला शाबासकी द्यायला गेलेल्या पोराला काठी मिळाली, अशी या मैदानावर प्रेक्षकाच्या कौतुकाची पहिली नोंद आहे. लॉइड २४२ धावांवर नाबाद राहिले. आपल्या बाजूनं एकनाथ सोलकरनं कसोटीतलं त्याचं एकमेव शतक इथेच केलं. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा हा मुलगा, त्या १०२ धावांनी मुंबईकरांच्या घरातला झाला. आणि या सगळ्या गदारोळात मन्सूर अली खान पतौडी यांची शेवटची कसोटी होऊन गेली. दोन्ही डावांत नऊ-नऊ धावा, भारताचा पराभव, मालिका वेस्ट इंडिजची. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गमावूनही ज्यानं भारतीय क्षेत्ररक्षणाला आणि कर्णधारपदाला नवं वळण दिलं, तो माणूस वानखेडेच्या पहिल्याच कसोटीत कायमचा परत गेला.

दुसरा मोठा निरोप मुंबईच्याच माणसाचा. ५ नोव्हेंबर १९८७, विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर इंग्लंड. ग्रॅहम गूचनं स्वीपवर स्वीप मारत ११५ धावा केल्या. भारतापुढे २५५चं लक्ष्य होतं. सुनील गावसकर सलामीला आले, फिलिप डीफ्रिटसनं चार धावांवर त्यांचा त्रिफळा उडवला. भारत ३५ धावांनी हरला. गावसकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. कसोटीत पहिल्यांदा दहा हजार धावा करणारा फलंदाज, स्वतःच्या शहरात, स्वतःच्या लोकांसमोर थांबला. आणि पराभवाच्या दुःखात निरोपाला जागाच उरली नाही. दादर युनियनच्या, शिवाजी पार्कच्या, फोर्टातल्या त्या पिढीला याची रुखरुख आजही आहे. अंतिम सामना कोलकात्याला होता. तिकडे पोहोचलो असतो तर, असं त्या पिढीतले लोक अजून बोलून दाखवतात.

पण गर्दीलाही साधी समजू नये. मार्च २००६मध्ये याच वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर २१ चेंडू खेळून एका धावेवर बाद झाला, तेव्हा परतताना प्रेक्षकांच्या एका भागानं त्याची हुर्यो उडवली. आपल्याच पोराची, आपल्याच मैदानात. २०१३ची आठवण काढताना बहुतेक जण २००६ विसरतात. मला दोन्ही तारखा सोबत ठेवाव्याशा वाटतात. ज्या माणसाला सात वर्षांनी डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला, त्याच्यावर रागावण्याइतका हक्क ही गर्दी स्वतःकडे ठेवून होती. हक्क होता म्हणूनच २ एप्रिल २०११च्या रात्री, विश्वचषक जिंकल्यावर, सहकाऱ्यांनी सचिनला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी मारली तेव्हा स्टँड इतके पेटून उठले. एकवीस वर्षं त्यानं देशाचं ओझं वाहिलं, आता त्याला वाहायची पाळी आमची, अशा अर्थाचं विराट कोहली तेव्हा बोलला होता.

आता २०१३. सचिननं दोनशेव्या कसोटीनंतर थांबणार असल्याचं ऑक्टोबरात जाहीर केलं. सामना मुंबईत व्हावा, आईला पाहता यावा, ही त्याची इच्छा क्रिकेट बोर्डानं मानली. त्याआधी त्यानं हरियाणात लाहलीच्या मैदानावर मुंबईसाठी शेवटचा रणजी सामना खेळून नाबाद ७९ धावांनी मुंबईला जिंकून दिलं. रोहतकजवळच्या त्या छोट्या मैदानावरही लोक उसळले होते.

आणि वानखेडेवर पुन्हा तिकिटांचा प्रश्न आला. २०११च्या विश्वचषकासाठी झालेल्या नूतनीकरणात स्टेडियमची क्षमता ४५ हजारांवरून सुमारे ३३ हजारांवर आली होती. त्यातली बहुतेक तिकिटं संलग्न क्लब, जिमखाने आणि मान्यवरांकडे गेली. सर्वसामान्यांसाठी विक्रीला निघाली ती सुमारे पाच हजार. ऑनलाइन विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोसळलं. तिकिटांसाठी ब्रेबॉर्नशी भांडून ज्यांनी हे मैदान बांधलं, त्यांच्याच वारसांनी रांगेतल्या माणसाला बाहेर ठेवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. चर्चगेटच्या पदपथावर सचिनचा मुखवटा लावून उभे असलेल्या पोरांपैकी कितीतरी जण आत गेलेच नाहीत.

जे आत होते त्यांनी मात्र बाहेरच्यांचा वाटाही आवाजात भरून काढला. १४ नोव्हेंबरला वेस्ट इंडिजचा डाव १८२वर संपला. शिखर धवन आणि मुरली विजय एकाच षटकात शिलिंगफर्डला बळी पडले. भारताचा गडी बाद झाल्यावर मुंबईची गर्दी आनंदानं उभी राहते, हे त्या दुपारी घडलं. कारण पुढचा फलंदाज कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. वेस्ट इंडिजचे खेळाडू आणि पंच दोन रांगांत उभे राहिले, त्यांच्यामधून सचिन खेळपट्टीकडे गेला. पाहुण्या संघातल्या शिवनारायण चंदरपॉलचीही ती दीडशेवी कसोटी होती, पण त्या दिवशी त्याच्या वाट्याला फारसं कुणाचं लक्ष आलं नाही. संध्याकाळी सचिन नाबाद ३८. दुसऱ्या दिवशी सकाळी देवनारायणच्या फिरकीवर स्लिपमध्ये सॅमीनं झेल घेतला, धावा ७४. क्षणभर गप्प झालेलं स्टेडियम मग उभं राहिलं आणि तो आत जाईपर्यंत उभंच राहिलं.

‘सचिन... सचिन’ या घोषाबद्दल त्यानंच नंतर एक गोष्ट सांगितली. तो लहानपणी वांद्र्याच्या साहित्य सहवासात खाली खेळत असायचा, तेव्हा घरी बोलवायला आई वरून दोनदा नाव घ्यायची. तीच हाक पुढे हळूहळू जगातल्या मैदानांवर गेली. १४ नोव्हेंबरला त्याची आई पहिल्यांदाच मैदानात येऊन त्याला खेळताना पाहत होती, आणि तिच्या तोंडचीच हाक ३० हजार माणसं देत होती.

१६ नोव्हेंबरला, शनिवारी, दुपार व्हायच्या आत सामना संपला. डाव आणि १२६ धावांनी विजय. सचिननं कागदावर नावं लिहून आणली होती. वडील रमेश तेंडुलकर, आई, भावंडं, पत्नी अंजली, मुलं, ‘चांगला खेळलास’ असं कधीही न म्हणणारे आचरेकर सर, डॉक्टर, फिजिओ, आणि शेवटी प्रेक्षक. तुमच्या घोषाचा आवाज श्वास थांबेपर्यंत कानात राहील, असं तो म्हणाला. कॅमेऱ्यानं स्टँडमधले रडणारे पुरुष दाखवले. आमच्या शहरात त्या सकाळी दुकानदारांनी टीव्ही रस्त्याकडे वळवले होते. गुलमंडीवर खरेदीला आलेली माणसं पिशव्या हातात धरून उभी होती. मग सगळ्या गोतावळ्यातून बाजूला होऊन तो एकटा खेळपट्टीवर गेला, वाकून मातीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. भारतरत्नाची घोषणा त्याच दुपारी झाली.

या सामन्याची आणखी एक बाजू आहे. सामनावीर ठरला प्रग्यान ओझा. दोन्ही डावांत पाच-पाच, एकूण दहा बळी. त्यानंतर तो भारतासाठी एकही कसोटी खेळला नाही. त्या दिवशी वानखेडेवरून दोन कसोटी खेळाडू कायमचे गेले. एकाला अख्ख्या देशानं निरोप दिला, दुसऱ्याचं जाणं तेव्हा त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. गर्दीचं प्रेम खरं असलं तरी तिला तारीख कळावी लागते. गर्दीला तारीख कळवणं हे मंडळाचं, असोसिएशनचं काम आहे.

पुढच्या काळात वानखेडेनं ही जाण दाखवली, हे मान्य करायला हवं. १ नोव्हेंबर २०२३ला सचिनचा पुतळा स्टेडियममध्ये उभा राहिला. तो घडवला आमच्या शेजारच्या अहिल्यानगरच्या प्रमोद कांबळे यांनी. ऑगस्ट २०२५मध्ये स्टेडियमच्या संग्रहालयाशी गावसकरांचाही पुतळा आला. १९८७ची भरपाई अडतीस वर्षांनी. त्याच वर्षी जानेवारीत स्टेडियमची पन्नाशी साजरी करताना मैदानावर राबणाऱ्या माळी-कामगारांचाही सत्कार झाला. मला पुतळ्यांहून तो सत्कार मोठा वाटतो.

तरीही मैदानावरचा निरोप हळूहळू मोबाइलवर सरकतो आहे. रोहित शर्मानं ७ मे २०२५ला कसोटी सोडत असल्याचं समाजमाध्यमावर चार ओळींत कळवलं. मायदेशातली त्याची शेवटची कसोटी वानखेडेवरच झाली होती, नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूझीलंडविरुद्ध. १८ आणि ११ धावा, २५ धावांनी पराभव. तेव्हा कुणालाही ती शेवटची वाटली नव्हती. १६ मे रोजी त्याच्या नावाच्या स्टँडचं अनावरण झालं, आईवडील सोबत होते, त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत आणखी वेगळं घडलं. विराट कोहलीनंही त्याच आठवड्यात कसोटी सोडली होती. तिथल्या प्रेक्षकांनी आपापसात ठरवून आयपीएलच्या सामन्याला त्याच्या कसोटीतल्या पांढऱ्या जर्सी घातल्या. पावसानं सामना झालाच नाही, तरी पांढरे स्टँड सगळ्या देशानं पाहिले. मंडळानं निरोपाचा सामना दिला नाही, तर लोक आपणहून निरोप द्यायची वाट काढतात.

आता थोडं आमच्याकडचं. आमच्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, जन्मलेला इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. दुसऱ्या डावात विजयाला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा या वेगवान गोलंदाजाला सलामीला पाठवलं आणि त्यानं सामना संपवला. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या या खेळाडूसाठी आपल्या शहरानं एखाद्या संध्याकाळी आमखास मैदानावर गर्दी केली असती, तर शोभलं असतं.

पैठणच्या अंकित बावणेच्या बाबतीत ही संधी अजून हातात आहे. तो पंधराव्या वर्षी रणजीत उतरला. ऑक्टोबर २०१६मध्ये याच वानखेडेवर, दिल्लीविरुद्ध, त्यानं आणि स्वप्नील गुगळेनं तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेव्हा ती रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी होती. गुगळे नाबाद ३५१, अंकित नाबाद २५८. त्रयस्थ मैदान, दोन्ही संघ बाहेरचे. टाळ्या वाजवायला माणसं ती किती असणार. अंकित जेव्हा थांबायचं ठरवेल, तेव्हा त्याचा शेवटचा सामना महाराष्ट्र असोसिएशननं आधी जाहीर करावा. सामना पुण्याजवळ गहुंजेला असेल तर आमच्या जिल्हा संघटनेनं पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावरून गाड्या सोडाव्यात, त्यातल्या निम्म्या जागा पैठणच्या शाळकरी पोरांना द्याव्यात, आणि तिकिटं खिडकीवर मिळावीत.