वस्त्रांचें दफ्तर : भानुमती अथैया यांच्या वेषरचनेविषयीं

शिरवळ हें नांव निघालें म्हणजे आमच्या वाचकांस सुभानमंगळची गढी, फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळीं १६४८ सालीं नीरेकांठीं झालेला झगडा आणि आदिलशाही अमलांतील तेथलें ठाणें, हींच प्रथम आठवतात. गांवाजवळच्या डोंगरांतील बौद्ध लेणीं त्या मानानें उपेक्षित राहिलीं आहेत. तीं आरंभींच्या धाटणीचीं असून अत्यंत साधीं आहेत. स्तूप, भिक्षूंच्या खोल्या, निजण्याचे ओटे, एवढेंच काय तें. भिंतीवर चित्र नाहीं कीं खांबावर मूर्ति नाहीं. त्यामुळें तीं कोरलीं त्या काळीं या खोऱ्यांतील स्त्रीपुरुष काय नेसत व काय पांघरीत, याविषयीं शिरवळचा दगड मुका आहे.

कागदपत्रांकडे वळावें तर तेथें उलट अडचण. तेथें नांवांचा सुकाळ आहे. शेला, पागोटें, तिवट, चिरा, किनखाप, जामेवार, महमुदी, शालू, खण अशीं नांवें यादींतून व हिशेबांतून जागोजाग भेटतात. राज्यकारभारांत वस्त्रांची प्रतिष्ठा तर इतकी कीं, ‘वस्त्रें’ या शब्दासच अधिकार असा अर्थ आला. शाहूमहाराजांनीं १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. पुढें सत्ता पुण्यास गेली तरी वस्त्रें साताऱ्याहूनच यावयाचीं, आणि १७७४ सालीं अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावासाठीं तीं पुरंदरावर आलीं. (त्या वयाच्या मुलाच्या अंगास तीं बसलीं कशीं, ही पृच्छा आमच्या एका स्नेह्यानें केली होती. ती वाटते तितकी पोरकट नाहीं.) शंभर यादी वाचल्या तरी तिवटाचा पेंच कसा बसे, जाम्याच्या घेरास कापड किती लागे, शेल्याचा पदर कोणत्या खांद्यावरून येई, हें नुसत्या नांवावरून समजत नाहीं. तें समजण्यास ज्याच्या बोटांस कापडाची ओळख आहे असा वाचक पाहिजे. आमच्यांत असे वाचक थोडे. आम्ही मोडी वाचतों, फार्शी वाचतों, परंतु शिवण वाचीत नाहीं.

ही शिवण वाचणारी एक स्त्री आमच्याच दक्षिण महाराष्ट्रांत निपजली आणि तिनें या विद्येंत जगाची मान्यता मिळविली. तिच्या कामाची संशोधकाच्या दृष्टीनें ओळख व्हावी, हा या लेखाचा हेतु. पोशाखाच्या बाबतींत स्त्रियांची सत्ता पूर्वीं नव्हती असें नाहीं. अहल्याबाई होळकरांनीं महेश्वरास विणकर आणून वसविले आणि तेथल्या लुगड्यांच्या कांठांवर किल्ल्याच्या व घाटाच्या आकृति उतरल्या, अशी परंपरा आहे. पण ती सत्ता आश्रयदात्याची. पोशाखाची कल्पना स्वतः करावी, तिचें चित्र स्वतः रेखावें आणि विणकर, रंगारी व शिंपी यांच्याकडून ती बरहुकूम उतरवून घ्यावी, हा अधिकार निराळा, व तो स्त्रीच्या हातीं येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये यांचा जन्म कोल्हापुरास २८ एप्रिल १९२९ रोजीं झाला. वडील चित्रकार. बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठीं त्यांनीं काम केलें होतें. ज्या कोल्हापुरांत १९२० सालीं ‘सैरंध्री’ तयार झाला, जेथें रंगविलेला पडदा, लांकडी तलवार आणि जरीचा अंगरखा हीं एकाच कारखान्यांत जन्मास येत, त्या वातावरणाचा वारसा या मुलीस घरांतूनच मिळाला. पितृछत्र मात्र लहानपणींच हरपलें. पुढें त्या मुंबईस गेल्या. कोल्हापुराहून पुण्यामुंबईकडे जाणारा हमरस्ता शिरवळाशींच नीरा ओलांडतो, आणि आमच्या भागांतील किती कलावंत त्या वाटेनें गेले याची मोजदाद करणें कठीण. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत १९५१ सालीं त्यांस उषा देशमुख सुवर्णपदक मिळालें. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप या चित्रकारमंडळाच्या १९५३ च्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें होतीं. त्या मंडळांत दुसरी स्त्री नव्हती. ‘ईव्हज वीकली’ या स्त्रियांच्या नियतकालिकासाठीं त्या पोशाखांचीं रेखाचित्रें काढीत, आणि त्याच्या संपादिकेनें तयार कपड्यांचें दुकान काढलें तेव्हां कागदावरचे पोशाख प्रत्यक्ष करून पाहण्याची संधि त्यांस मिळाली. पुढें गुरुदत्तनिर्मित ‘सी. आय. डी.’ (१९५६) या बोलपटापासून वेषरचना हाच त्यांचा व्यवसाय झाला. विवाहानंतर त्या भानु अथैया या नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या. पन्नास वर्षांत शंभराहून अधिक चित्रपट त्यांच्या हाताखालून गेले.

कित्येक विद्वान् येथें हंसतील. बोलपटांतील भरजरी कपड्यांस इतिहासाशीं काय कर्तव्य, असें त्यांचें म्हणणें असतें, आणि बहुतेक बोलपटांपुरतें तें खरेंहि आहे. पण भानुमतीबाईंची रीत पाहावी. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटाचें काम हातीं आलें तेव्हां बाजारांतील चालू नमुने न घेतां त्या अजिंठ्यास गेल्या आणि तेथल्या भित्तिचित्रांवरून त्यांनीं पोशाखाचा अभ्यास केला. त्यांतून कमरेस कसून नेसलेलें अंतरीय, छातीस बांधलेला पट्ट, सुटें उत्तरीय व बेताचे अलंकार असा वेष सिद्ध झाला. पौराणिक नायिकेस नऊवारी किंवा घागरा चढविण्याची जी वहिवाट नाटकमंडळ्यांपासून चालत आली होती, ती एका कामांत सुटली.

हा वेष कालदृष्ट्या निर्दोष आहे काय? नाहीं. आम्रपाली बुद्धाची समकालीन. अजिंठ्याचीं पहिल्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील प्रसिद्ध चित्रें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या अमदानींतील आहेत. म्हणजे नायिका आणि तिचा पोशाख यांत सुमारें हजार वर्षांचें अंतर पडलें. काळानें अधिक जवळचें साधन हवें तर भारहुत व सांची येथील शिल्पें होतीं. तेथल्या स्त्रियांचे भारी मेखला व डोक्यावरचीं वस्त्रें निराळीं आहेत. आमच्या मतें रंगासाठीं अजिंठा पत्करला गेला. दगडांत नेसण्याची पद्धति दिसते, वस्त्राचा रंग दिसत नाहीं, आणि चित्रपट तर रंगीत करावयाचा. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकांत जी नर्तकी आहे तिच्या अंगांत लांब बाह्यांचा शिवलेला कंचुक स्पष्ट दिसतो. शिवलेलें वस्त्र या देशांत मुसलमानांबरोबर आलें, असें बेधडक लिहिणाऱ्यांनीं ती भिंत एकदां पाहावी. भानुमतीबाईंनीं तो कंचुक न घेतां बिनशिवणीचा वेष घेतला, ही त्यांची निवड. आणि ज्या काळचें चित्र उपलब्ध नाहीं त्या काळासाठीं शिवणीपेक्षां गुंडाळलेलें वस्त्र अधिक सुरक्षित, हें तिच्यामागचें तारतम्य आम्हांस मान्य आहे. साधनें अपुरीं असतां त्यांतील कोणतें किती ओढावें, हा प्रश्न जसा बखर वाचणारापुढें तसाच तो त्यांच्यापुढें होता.

त्यांच्या कामाचा दुसरा परिणाम बाजारांत दिसला. ‘वक्त’ (१९६५) या चित्रपटांत साधना या नटीस त्यांनीं अंगाबरोबर बसणारा कुडता व चुडीदार दिला, आणि पाहतां पाहतां शहरांतील तरुण मुलींनीं तो उचलला. पेशव्यांच्या वाड्यांतून पैठणीस मान मिळाला व तो सरदारांच्या घरीं उतरला, त्याच तऱ्हेचा हा व्यवहार. फरक इतकाच कीं, येथें वाड्याच्या ठिकाणीं पडदा आला आणि निवड करणारी स्त्री स्वतः रेखणारीहि होती.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाची गोष्ट याहून अवघड होती. येथें साधनांची वाण नव्हती, रेलचेल होती. हजारों छायाचित्रें, आणि ज्यांनीं ते प्रसंग डोळ्यांनीं पाहिले अशीं माणसें हयात. चूक लपण्यास जागा नाहीं. गांधींचा पोशाख हा तर स्वतःच एक तारीखवार दस्तऐवज आहे. १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत उतरले ते बॅरिस्टरी पेहरावांत. जानेवारी १९१५ मध्यें मुंबईस परतले ते काठेवाडी पागोटें व अंगरखा घालून. आणि २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरा येथें त्यांनीं गुडघ्यापर्यंतचा पंचा पत्करला तो अखेरपर्यंत. नायकाबरोबर भोंवतालचा समाजहि बदलत जातो. विलायती कापडाच्या जागीं खादी येते, पागोट्याच्या जागीं पांढरी टोपी येते. आणि हें सर्वत्र एकाच वर्षीं किंवा एकाच थरांत झालें नाहीं. कस्तुरबांचें काम रोहिणी हट्टंगडी यांनीं केलें. तरुणपणच्या काठेवाडी पेहरावापासून आश्रमांतील जाड्याभरड्या खादीपर्यंत त्या एका व्यक्तीच्याच लुगड्यांचा क्रम लावावयाचा म्हटला तरी तो एक प्रबंध होईल. परदेशी पात्रांचे पोशाख जॉन मोलो यांच्याकडे व हिंदी जनतेचे भानुमतीबाईंकडे, अशी वांटणी होती. अंत्ययात्रेच्या एका दृश्यासच तीन लाखांहून अधिक माणसें जमलीं होतीं. ११ एप्रिल १९८३ रोजीं लॉस एंजेलिस येथें अकादमीचें वेषरचनेचें पारितोषिक, ज्यास लोक ऑस्कर म्हणतात, त्या दोघांस मिळून देण्यांत आलें. तें मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ति ती ही कोल्हापूरची कन्या. ‘लेकिन’ व ‘लगान’ या चित्रपटांसाठीं त्यांस राष्ट्रीय पारितोषिकेंहि मिळालीं. ‘लगान’ची कथा १८९३ सालची, खेडूत मंडळींची. राजेरजवाड्यांचे पोशाख चित्रांत सांपडतात, कुणब्याचा फाटका आंगरखा मात्र कोणी रंगवून ठेवीत नाहीं. म्हणून तें काम आम्ही अधिक कठीण समजतों.

शिरवळाहून निघून खंबाटकीचा घाट चढावा आणि सुरूरच्या फाट्यास वाईकडे वळावें, म्हणजे थोडक्याच वेळांत कृष्णाकांठीं मेणवली लागते. नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि दफ्तर यांमुळें हें गांव आमच्या वाचकांच्या तोंडीं आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटांतील चरणपूर म्हणून जें उत्तर हिंदुस्थानी खेडें दिसतें तें याच घाटावर उभें केलेलें, आणि त्यांतील पोशाखांची योजना भानुमतीबाईंची. नानांच्या दारांत संयुक्त प्रांताचे वेष वावरले याची आम्हांस गंमत वाटली. पण मेणवलीचा उल्लेख येथें करण्याचें कारण दुसरें आहे. मेणवलीचें दफ्तर रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या दृष्टीस पडलें व त्यांनीं साताऱ्यास तें जतन केलें, म्हणून नानांचा काळ आज वाचतां येतो. तो संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला व सुरक्षित राहिला. पारसनीस वेळीं पोंचले नसते तर त्या रुमालांचें काय झालें असतें, हें ज्यांनीं जुने वाडे उकलले आहेत त्यांस सांगणें नको.

वेषरचनेच्या कागदांस अद्यापि असा कोणी पारसनीस भेटलेला नाहीं. भानुमतीबाईंनीं स्वतः आपल्या परीनें तजवीज केली. २०१० सालीं ‘द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन’ हा ग्रंथ काढून त्यांत आपल्या कामाची हकीकत व चित्रें छापलीं. २०१२ च्या डिसेंबरांत ऑस्करची ती सोनेरी मूर्ति त्यांनीं अकादमीकडे परत सोंपविली, कारण आपल्या मागें ती येथें नीट सांभाळली जाईल असा भरंवसा त्यांस वाटेना. ही गोष्ट वर्तमानपत्रांनीं नवल म्हणून छापली. आम्हांस ती नवलापेक्षां लाजिरवाणी वाटते, व ती लाज संग्राहकांच्या वांट्यास अधिक येते. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईस त्या वारल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत प्रिन्सेप्स या संस्थेनें त्यांच्या संग्रहांतील चित्रांचा व रेखाटनांचा लिलांव केला. लिलांवांत चित्र चांगल्या हातीं जाऊं शकतें, यांत संशय नाहीं. परंतु एका चित्रपटाचीं रेखाटनें दहा घरीं गेलीं कीं त्यांचा परस्परसंबंध तुटतो. दफ्तर फुटून सुटे कागद विकले गेले म्हणजे काय होतें याचा कडू अनुभव आमच्या मंडळींस पुरेसा आहे.

तरी ज्यांच्या संग्रहीं अशीं रेखाटनें येतील त्यांस थोडें सुचवावेंसें वाटतें. वेषरचनाकार पुष्कळदां रेखाटनाच्या कडेस कापडाचा तुकडा टांचून ठेवितात. तो चौकटींत बसविण्यासाठीं काढूं नये, कारण रंग व पोत यांचा अस्सल पुरावा तोच. पाठीमागचीं मापें, चित्रपटाचें व पात्राचें नांव, प्रसंगाचा अंक, शिंप्यास दिलेली सूचना, हें सर्व जसेंच्या तसें उतरून घ्यावें आणि रेखाटन कोणाकडून कोणत्या दिवशीं आलें हें लिहून ठेवावें. कोल्हापूर, पुणें व मुंबई येथें नाटकांस व चित्रपटांस पोशाख पुरविणारीं जुनीं दुकानें आहेत. त्यांच्या माळ्यावर मापांच्या वह्या व हिशेब पडून असतात, आणि दुकान बंद झालें कीं ते वजनावर जातात. सातारा, वाई व शिरवळ या बाजूस चित्रणें वारंवार होत आलीं असल्यानें तेथल्या शिंप्यांपाशींहि असें बाड निघण्याचा संभव आहे. ज्यांस तें दिसेल त्यांनीं मूळ मालकाकडेच राहूं द्यावें, परंतु रद्दीवाला येण्यापूर्वीं त्याची एक नक्कल उतरून घ्यावी.