मराठवाडा आणि मनोरुग्णसेवा

कन्नड तालुका 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या संस्थानाचे मनोरुग्णालय राजधानीत नसून जालन्यास होते. आणि जालना 1981 पर्यंत कन्नडप्रमाणेच औरंगाबाद जिल्ह्यात होते. 1953 साली ही संस्था हैदराबादेस हलविण्यात आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, संस्था मात्र आंध्र प्रदेशात राहिली. 1960 साली महाराष्ट्राच्या वाट्यास ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालये आली. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते.

हा प्रश्न केवळ अंतराचा नव्हे. 1912 च्या कायद्याने रुग्णाचा प्रवेश बहुतांशी दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावर सोपविला होता. उपचारापेक्षा बंदोबस्तास त्यात अधिक स्थान होते. 1952 साली पॅरिसमध्ये देले व देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा मनोविकृतीवर उपयोग केला आणि रुग्णास घरी ठेवून उपचार करणे शक्य होऊ लागले. परंतु अशा उपचारास वारंवार तपासणी लागते. कन्नडच्या शेतकरी कुटुंबास येरवड्याच्या वाऱ्या करणे कितपत परवडावे? औषध निघाले त्याच सुमारास जवळचे रुग्णालय दूर गेले, हे या प्रदेशाचे दुर्दैव होय.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने 1982 मध्ये ही सेवा प्राथमिक आरोग्यकेंद्रापर्यंत नेण्याचे तत्त्व स्वीकारले. ते तत्त्व मराठवाड्यास किती अगत्याचे आहे, हे जालन्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.