मोटरहोममधील वातानुकूलन
मोटरहोममधील वातानुकूलन : निजणे, स्वयंपाक व स्नान यांची सोय असलेल्या स्वयंचलित वाहनाचा अंतर्भाग थंड ठेवण्याची व्यवस्था. पुढील माहिती मुख्यतः अमेरिकेतील वाहनांची आहे.

रचना : मोटरहोममध्ये सहसा दोन व्यवस्था असतात. पहिली इंजिनावर चालते. ती चालकाजवळची जागा थंड करते. लांब वाहनाच्या मागील भागात तिचा गारवा पुरेसा पोहोचत नाही. दुसरी छतावर, १४ इंची (सु. ३६ सेंमी.) चौकोनी झरोक्यावर बसवतात. तिच्या एका संचाची क्षमता बहुधा ताशी १३,५०० किंवा १५,००० बीटीयू (सु. ४ ते ४.४ किलोवॅट) असते. मोठ्या वाहनांवर असे दोन-तीन संच लागतात.

शीतनाची मर्यादा : एसीत शिरणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानांत सु. ९ ते १२° से. अंतर असल्यास यंत्र ठीक चालले आहे असे मानतात. यावरूनच, वाहन बाहेरच्यापेक्षा जास्तीत जास्त तेवढेच थंड होते, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. आतली हवा यंत्रातून पुनःपुन्हा फिरते. आत येणारी उष्णता व यंत्राने बाहेर काढलेली उष्णता जेथे समान होतात, तेथे तापमान स्थिरावते. म्हणून सावलीतल्या लहान वाहनाला पुरणारा संच उन्हातल्या मोठ्या वाहनाला अपुरा पडतो.

मोटरहोमच्या भिंती व छत यांतील उष्णतारोधक थर घरांच्या मानाने पातळ असतो. पुढची रुंद काच, खिडक्या व छतावरील झरोके यांतून ऊन थेट आत येते. संच तापलेल्या छतावर असल्याने त्याला उष्णता अधिकच गरम हवेत सोडावी लागते आणि ऐन गरजेच्या वेळी क्षमता घटते. दमट हवेत क्षमतेचा काही भाग बाष्पाचे पाणी करण्यात खर्ची पडतो.

वीजपुरवठा : १२० व्होल्ट, ३० अँपिअरच्या जोडणीतून ३.६ किलोवॅट वीज मिळते. तीवर सहसा एकच संच चालवता येतो. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असल्याने १२ किलोवॅट मिळतात. उन्हाळी दुपारी मुक्कामाच्या तळावरील सर्व वाहनांचे एसी एकदम चालू झाल्यास व्होल्टेज उतरते. ते फार उतरल्यास काँप्रेसर तापून बिघडू शकतो.

उपाय : पुढची काच उत्तरेकडे ठेवणे किंवा छत्रीची बाजू पश्चिमेला ठेवून ती उघडणे, काचांना परावर्तक पडदे लावणे आणि भिंती, सामान तापण्याआधी सकाळीच एसी सुरू करणे उपयुक्त ठरते. छताच्या पोकळीतील फटीतून थंड हवा गळून परतीच्या हवेत मिसळत असेल, तर ती फट बुजवल्याने खोलीत अधिक गारवा पोहोचतो. मात्र सर्वांत परिणामकारक उपाय स्थलांतराचा : ॲरिझोनातील फीनिक्स येथे जुलैचे सरासरी कमाल तापमान ४०° से. च्या वर असते, तर त्याच राज्यातील सु. २,१०० मी. उंचीवरील फ्लॅगस्टाफ येथे ३०° से. च्या आत राहते.