चिनी शब्दकार्डांचे सॉफ्टवेअर

चिनी शब्द, त्यांचे उच्चार आणि अर्थ लक्षात ठेवायला मदत करणारी संगणकप्रणाली. पडद्यावर आधी कार्डाची एक बाजू दिसते, बहुधा चिनी अक्षर. शिकणारा मनातल्या मनात उत्तर देतो, कार्ड उलटतो आणि ते कितपत आठवले हे बटण दाबून सांगतो. तेच कार्ड पुन्हा केव्हा समोर आणायचे, हे प्रणाली त्यावरून ठरवते.

या ठरवण्यामागचे गणित चीनमध्ये जन्मलेले नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. सेबास्टियान लाइटनर याने १९७२ च्या आपल्या पुस्तकात कप्प्यांची पेटी सुचवली : आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले पहिल्यात. पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक याने १९८७ मध्ये हे काम संगणकाकडे सोपवले. त्याच्या ‘एसएम-२’ पद्धतीत पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी होते. पुढचे अंतर मागच्या अंतराला सुगमतेच्या अंकाने गुणून निघते. तो अंक २.५ पासून सुरू होतो, उत्तर अडखळले की घटतो, पण १.३ च्या खाली जात नाही. म्हणजे बरोबर येत राहिलेले कार्ड सहानंतर १५ आणि मग साधारण ३८ दिवसांनी भेटते. डेमियन एल्म्स याने २००६ मध्ये, स्वतः जपानी शिकताना, ‘अँकी’ तयार केले तेव्हा याच पद्धतीचा आधार घेतला. केवळ चिनीसाठी घडवलेले ‘प्लेको’ त्याआधीच पाम यंत्रांवर आले होते. त्यात शब्दकोश आणि कार्डे एकत्र नांदतात.

वेळापत्रक तयार मिळते, तेव्हा विकसकाची खरी कसोटी लागते ती कार्डाच्या रचनेत. नवखा विकसक अक्षरालाच नोंदीची किल्ली करतो आणि तिथेच फसतो, कारण एकाच चिनी अक्षराचे दोन उच्चार असू शकतात. ‘लांब’ या अर्थाचे अक्षर ‘वाढणे’ या अर्थी वेगळ्या उच्चाराने वाचले जाते. म्हणून किल्ली अक्षर आणि उच्चार मिळून करावी लागते. दुसरी अडचण लिपीची. युनिकोडने चिनी आणि जपानी अक्षरांना बऱ्याच ठिकाणी एकच क्रमांक दिला आहे. कार्डावर भाषेची खूण घातली नाही तर चिनी शब्द काही यंत्रांवर जपानी वळणाने उमटतो. रेघा कोणत्या क्रमाने ओढायच्या, याची माहिती ‘मेक मी अ हांझी’ या मुक्त संचात नऊ हजारांहून अधिक अक्षरांसाठी मिळते.

अर्थ बहुतेक प्रणाल्या ‘सीसी-सीईडिक्ट’ या मुक्त चिनी-इंग्रजी कोशातून घेतात. त्याचे मूळ काम पॉल डेनिसोव्स्की याने १९९७ मध्ये सुरू केले. मराठी माणसाच्या दृष्टीने हा सर्वांत कच्चा दुवा आहे, कारण इंग्रजीच्या वळणाने जाताना दोन्ही टोकांना असलेला भेद मधेच गळतो. भंडारा हा धानाचा जिल्हा. मोहाडी तालुक्यातल्या करडीत शेतात उभे असते ते धान, पोत्यात असतो तो तांदूळ आणि ताटात येतो तो भात. चिनीतही ‘ताओ’, ‘मी’ आणि ‘मीफान’ असे तीन शब्द आहेत. इंग्रजीत तिन्हींना सर्रास एकच शब्द चालतो. नात्यांचेही तसेच. ‘कूकू’ म्हणजे आत्या, ‘ईमा’ म्हणजे मावशी, ‘च्यौच्यौ’ म्हणजे मामा. वडिलांचा धाकटा भाऊ ‘शूशू’ आणि थोरला ‘पोपो’. विदर्भातल्या अनेक घरांत ज्यांना ‘मोठे बाबा’ म्हणतात, तेच हे पोपो. कार्डाच्या मागच्या बाजूला थेट मराठी लिहिले, तर इंग्रजीत दोन ओळींचे स्पष्टीकरण मागणारी नोंद एका शब्दात आटोपते.

उच्चारांत तर देवनागरी रोमनपेक्षा वरचढ ठरते. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनात ‘बी’ आणि ‘पी’ ही अक्षरे दिसतात, पण त्यांतला फरक ब आणि प यांचा नसून प आणि ओठ मिटून म्हटलेला फ यांचा आहे. तसेच ‘डी’-‘टी’ म्हणजे त-थ आणि ‘जी’-‘के’ म्हणजे क-ख. अल्पप्राण-महाप्राण हा भेद मराठी मुलाच्या कानात बालपणापासून असतो. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च हे दोन्ही उच्चारही चिनीत वेगळे आहेत. मराठी लेखन ते वेगळे दाखवत नाही, म्हणून प्रणालीत पहिल्याला नुक्ता द्यावा लागेल. जीभ मागे वळवून काढायच्या चिनी च-छला मात्र मराठीत जोड नाही. तिथे ध्वनिमुद्रणच हवे.

सुरांचे काय? ‘मा’ पहिल्या सुरात आई, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या देणे. पिनयिनमध्ये सुरांच्या खुणा स्वरांच्या डोक्यावर बसतात. देवनागरीत तिथे वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार आधीच दाटीने असतात. त्यामुळे अंक किंवा रंग हा मार्ग सोयीचा. लागोपाठ दोन तिसरे सूर आले की पहिला दुसऱ्या सुरात बोलला जातो. लेखी सूर कार्डावर ठेवून बोलीतला सूर आवाजातून ऐकवणे बरे.

महाराष्ट्रातले चिनीचे जुने अभ्यासक यांपैकी कशाच्याही आधाराविना शिकले. पु. वि. बापट यांनी चिनी अनुवादातून उरलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाची ‘विसुद्धिमग्ग’शी तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले, रुग्णांत वावरत चिनी शिकले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले.

आजच्या शिकणाऱ्यापुढे ‘एचएसके’ या चिनी भाषेच्या परीक्षेच्या शब्दयाद्या असतात. २०१० च्या रचनेत सहा पातळ्यांना मिळून ५,००० शब्द होते. २०२१ च्या नऊ पातळ्यांच्या मानकात ते ११,०९२ झाले. ‘अँकी’त रोज २० नवी कार्डे ही मूळ मांडणी आहे. त्या गतीने जुनी यादी २५० दिवसांत एकदा डोळ्यांखालून जाते. मधल्या उजळण्यांचा बोजा वेगळा, आणि बरेच जण हात टेकतात ते त्यापायीच.

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, तिच्यात ‘बायडू ट्रान्सलेट’ही गेले. अमेरिकेतले ‘प्लेको’ आणि ‘अँकी’चे मुक्त स्रोताचे अँड्रॉइड रूप ‘अँकीड्रॉइड’ त्या यादीत नव्हते. ‘अँकीड्रॉइड’चा शब्दसंच फोनमध्येच साठतो, एकदा उतरवून घेतला की करडीत रेंज नसतानाही उजळणी चालते. सीसी-सीईडिक्टवरून मराठी संच बेतणाऱ्याला मूळ कोशाचे श्रेय द्यावे लागते आणि आपला संच त्याच मुक्त परवान्याखाली इतरांना खुला ठेवावा लागतो.