आधी रस्ता, मग घर

नवी वस्ती वसवणे म्हणजे केवळ घरे बांधणे नव्हे. प्रत्येक घरातून सकाळी माणसे बाहेर पडणार, संध्याकाळी परतणार. ती कोणत्या वाटेने ये-जा करणार, याचा हिशेब पाया खणण्यापूर्वीच व्हावा लागतो. तो केला तर काय घडते आणि न केला तर काय घडते, या दोहोंची साक्ष मुंबईत एकमेकांना लागून असलेल्या दोन भागांत मिळते.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. दाट वस्ती आणि अंधाऱ्या खोल्या यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली कायदा होऊन सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या शहरात ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. या कामात अनेक गोरगरिबांची घरे पाडली गेली आणि तितक्या प्रमाणात त्यांना नवी मिळाली नाहीत. हा दोष झाकण्याजोगा नाही.

मात्र दादर-माटुंग्यास ट्रस्टने निराळा क्रम पाळला. तेथील शेतजमीन संपादन केली, सखल भागात भराव घातला, रस्ते आणि गटारे आखली, बागांसाठी जागा राखली आणि त्यानंतरच भूखंड भाडेपट्ट्याने दिले. घरे पुष्कळशी पहिल्या महायुद्धानंतर उभी राहिली. तोवर रस्ते जणू रहिवाशांची वाट पाहत होते. आजच्या डॉ. आंबेडकर मार्गाने ही वस्ती दक्षिणेकडील शहराशी जोडली गेली आणि ट्राम दादरवरून पुढे किंग्ज सर्कलपर्यंत पोहोचली. १९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला, १९६४ साली ट्रामही बंद झाली. परंतु हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स यांच्या रस्त्यांची ती आखणी अद्याप टिकून आहे.

दादरच्या दक्षिणेस परळ-लोअर परळचे गिरणगाव. तेथील बहुसंख्य कामगार चाळीतून गिरणीत पायी जात. भोंगा झाला की गल्ल्या भरत, पाळी सुरू झाली की रिकाम्या होत. त्या रहदारीस अरुंद रस्ते पुरत असत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावत गेली. सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

मग उंच इमारती आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. जेथे शेजारच्या चाळीतला कामगार चालत येई, तेथे विरार-कल्याणकडील नोकरदार आगगाडीने येऊ लागला. जमिनीचा उपयोग बदलला, माणसांच्या येण्याजाण्याची तऱ्हा बदलली. रस्ते आणि स्थानकांचे जिने मात्र त्या मानाने रुंदावले नाहीत.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे प्राणांस मुकली. पाऊस आल्याने लोक पुलावर थबकले होते, हे खरे. पण पाऊस मुंबईस नवा नाही. गर्दी वाढली होती आणि वाट तेवढीच राहिली होती. त्यानंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तेथे नवा पूल खुला झाला. जो पूल इतक्या जणांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत उभा राहू शकला, तो त्यापूर्वीही उभा राहू शकला असता.

नकाशावर जमिनीचा रंग बदलण्यास एक अधिसूचना पुरते. त्या रंगाबरोबर रोज किती पावले त्या वाटेने जातील, हे आधी मोजावे लागते. दादर-माटुंग्यास ते मोजले गेले होते. परळला ते मोजण्याची आठवण झाली, ती २३ माणसे गमावल्यावर.