नळी किती लांब हवी? : रायफलच्या इतिहासातला एक जुना वाद

हजार यार्डांवरचं, म्हणजे सुमारे 914 मीटरवरचं लक्ष्य टिपायचं असेल, तर रायफलची नळी किती लांब असावी? 'जितकी लांब तितकी अचूक' हे उत्तर आपल्याला चटकन सुचतं. या समजुतीवरून सैन्यात आणि नेमबाजांमध्ये चांगलेच वाद झाले आहेत. त्यात तथ्य किती, ते आज पाहू.

सुरुवात करू 1853 च्या एनफिल्डपासून. काडतुसांमुळे 1857 च्या उठावात गाजली तीच ही बंदूक. ठासणीची, आणि नळी 39 इंचांची. पण ही लांबी काही नेमासाठी नव्हती. पायदळ दोन रांगांत उभं राहून गोळ्या झाडायचं. मागच्या शिपायाच्या नळीचं तोंड पुढच्याच्या कानापलीकडे जायला हवं, आणि संगीन घोडेस्वारापर्यंत पोचायला हवी, असा हा साधा हिशेब.

त्याच 1857 साली इंग्लंडमध्ये हाइथ इथे या एनफिल्डची जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलशी तुलना झाली. व्हिटवर्थ हे मँचेस्टरचे यंत्र-अभियंते. त्यांची नळी एनफिल्डपेक्षा लांब नव्हती. पण भोक अरुंद आणि षटकोनी, गोळी त्यात नेमकी बसणारी. एनफिल्डच्या आट्यांचा एक पूर्ण फेरा 78 इंचांत व्हायचा, व्हिटवर्थच्या नळीत 20 इंचांत. 500 यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी 2.24 फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या फक्त 0.37 फूट. म्हणजे अचूकता आली ती आट्यांतून आणि कारागिरीतून. लांबीतून नाही!

मग लांबी देते काय? दोन गोष्टी. एक, वेग. दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त वाट मिळते. दुसरी, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर. हे अंतर 30 इंच धरा. नेम धरताना इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर हजार यार्डांवर गोळी 12 इंच बाजूला जाते. अंतर 25 इंच केलं, तर तीच चूक 14 इंचांहून जास्त होते. याची किंमतही आहे बरं का : वजन वाढतं, आणि तेवढ्याच जाडीची लांब नळी गोळी सुटताना जास्त थरथरते.

ही ओढाताण 1874 च्या क्रीडमूर सामन्यात दिसते. न्यूयॉर्कजवळच्या या मैदानावर अमेरिका आणि आयर्लंडचे संघ 800, 900 आणि 1000 यार्डांवर भिडले. रायफलचं वजन 10 पौंडांपेक्षा जास्त नको, असा नियम. मग लांबी वाढवायची तर नळीची जाडी कमी करा, नाहीतर दस्ता हलका करा! अमेरिका 934 विरुद्ध 931 गुणांनी जिंकली. आयर्लंडच्या एका नेमबाजाची उत्तम गोळी शेजारच्याच लक्ष्यावर लागली होती. तीन गुणांच्या सामन्यात ती चूक माणसाची होती, नळीची नव्हे.

पुढे बिनधुराची दारू आली, वेग वाढला आणि नळ्या आखडू लागल्या. ब्रिटिशांच्या लांब ली-एनफिल्डची नळी 30.2 इंचांची होती. बोअर युद्धानंतर त्यांनी पायदळ आणि घोडदळ दोघांसाठी एकच रायफल आणली, नळी 25.2 इंचांची. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री याच घराण्यातली. लक्ष्यवेधी नेमबाज मात्र खवळले : हिच्यावर लांबचा नेम धरायचा कसा? साइटमधलं अंतर कमी झालं होतं, तेव्हा तक्रार खोटी नव्हती. पण घोड्यावर, नंतर खंदकात वावरणाऱ्या शिपायाच्या गरजा वेगळ्या होत्या. मैदानावरचा प्रश्न रणांगणातल्या हत्याराला विचारला जात होता.

गंमत पुढेच आहे. सैन्याने 1913 मध्ये पर्यायी रायफल तयार केली. तिची नळी होती 26 इंच, म्हणजे पाऊण इंच जेमतेम वाढलं. मग तक्रार मिटवली कशी? मागची साइट नळीवरून उचलून थेट डोळ्याजवळ नेली. साइटमधलं अंतर भरपूर वाढलं. याच रचनेच्या 1914 च्या रायफलीला पुढे दुर्बीण लावून ती निशाणबाज शिपायांना दिली गेली.

आज हजार यार्डांच्या पाल्मा सामन्यांत दुर्बीण चालत नाही आणि काडतूस ठरलेलं असतं. तिथे साधारण 30 इंचांची जाड नळी दिसते. कारण लक्ष्याशी पोचेपर्यंत गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाखाली जाऊ नये. गेला की ती डळमळू शकते. दुर्बीण लावलीत, तर साइटमधल्या अंतराचा मुद्दाच निकालात निघतो आणि उरतो तो वेगाचा आणि वजनाचा हिशेब.

तेव्हा मंडळी, 'किती इंच?' हा आकडा शेवटी येतो. आधी विचारायचं : दारू कोणती, साइट कुठली, वजनाची मर्यादा किती, आणि ती रायफल वाहणार कोण? आता तुमचे प्रश्न घेऊ.